बीजगणिताच्या सॉफ्टवेअरला कडक टाइप हवेत की ‘चालतंय की’ पुरे?

कंसबहाद्दर (धागाकर्ता)
मंडळी, सध्या सिमपायवर (पायथन भाषेतली बीजगणिताची लायब्ररी) काम चाललंय आणि डोकं फिरलंय, म्हणून हा धागा. १/३ लिहून त्याला क्ष ने गुणलं की उत्तरात ०.३३३३३ येतं, कारण सिमपाय बिचारं बघायच्या आधीच पायथनने भागाकार उरकून फ्लोट (अंदाजे दशांश संख्या) हातात ठेवलेला असतो. सेज या पायथनवरच्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये यासाठी प्रीपार्सर (ओळ चालवण्याआधी ती बदलून घेणारा भाग) आहे, तो तुमचा १ आणि ३ गुपचूप स्वतःच्या इंटिजरमध्ये बदलतो. म्हणजे काय, तर भाषा गणितासाठी बनलेली नाही आणि आपण ठिगळं लावतोय.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. शाळेत ‘अवयव पाडा’ असायचं ना, त्यात क्ष^२ + १ घ्या. सहगुणक परिमेय धरले तर अवयव पडतच नाहीत. मोड ५ मध्ये (म्हणजे ५ ने भागून उरणाऱ्या बाकीच्या गणितात) (क्ष+२)(क्ष+३) पडतात, मोड २ मध्ये (क्ष+१)^२, मोड ७ मध्ये पुन्हा काही नाही, आणि कॉम्प्लेक्समध्ये अर्थातच पडतात. अक्षरं तीच, उत्तर दर वेळी वेगळं. मग कुठल्या रिंगमध्ये (बेरीज, वजाबाकी, गुणाकार चालणाऱ्या संचात) पाडायचे हे सांगितल्याशिवाय प्रश्न पुरा होतच नाही, आणि ती माहिती टाइपमध्ये, म्हणजे ही वस्तू कुठल्या प्रकारची हे सांगणाऱ्या लेबलात, असायला हवी, फंक्शनच्या कोपऱ्यातल्या ऑप्शनमध्ये नाही.

आयबीएमच्या स्क्रॅचपॅडवाल्यांनी, म्हणजे पुढे जे ॲक्झियम झालं त्यांनी, हे कधीच करून ठेवलंय. १/२ टाइप करा, उत्तराखाली ‘फ्रॅक्शन इंटिजर’ असा टाइप छापून येतो. युक्लिडियन डोमेनसाठी (बाकी ठेवून भागाकार करता येतो अशा रिंगसाठी) मसावि एकदाच लिहायचा, तो पूर्णांकांनाही लागू आणि फील्डवरच्या (जिथे शून्य सोडून कशानेही भागता येतं) पॉलिनॉमियललाही, म्हणजे बहुपदीलाही. याउलट मॅथेमॅटिका या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीतर सिमपायमध्ये सगळं एकच, ‘एक्स्प्रेशन’. क्ष/क्ष लिहिलं की लगेच १. रॅशनल फंक्शनांच्या फील्डमध्ये ते बरोबर, पण क्ष ला शून्य ठेवायचं असेल तर? तुमच्या मनात कुठलं होतं हे कोणी विचारतच नाही.

घाटावरचा_इंजिनियर
कैच्या कै. मी कंट्रोल सिस्टिमवाला, मला ट्रान्सफर फंक्शन (सिस्टिमचं इनपुट-आउटपुट सांगणारा अपूर्णांक) सोपं करून हवं असतं, त्यासाठी आधी इंटिग्रल डोमेनची व्याख्या पाठ करू का? ॲक्झियम म्हणजे प्रत्येक खिडकीवर ओळखपत्र मागणारं ऑफिस. इतकं भारी होतं तर गेलं कुठे? ते विकणाऱ्या एनएजी कंपनीने २००१ मध्ये विकणं बंद केलं, सोर्स फुकट वाटला, आणि २००७ मध्ये राहिलेल्यांनी भांडून फ्रायकॅस आणि ओपनॲक्झियम अशा आणखी दोन चुली मांडल्या. मॅथेमॅटिका १९८८ पासून धावतंय. लोकांना काय हवंय ते दिसतंय की.

कंसबहाद्दर
खपतं म्हणून बरोबर, हा मुद्दा झाला का दादा? त्याच मॅथेमॅटिकाच्या सॉल्व्हला अ·क्ष = ब द्या. सरळ ब/अ देऊन मोकळं होतं. अ शून्य असेल तर काय, ते हवं असेल तर रिड्यूस नावाचं वेगळं फंक्शन वापरायचं, मग ते सगळ्या केसेस मांडून देतं. तुमच्या ट्रान्सफर फंक्शनमध्ये गेन शून्य झाला की कळेल.

पाटीपेन्सिल
मी शिकवते, त्यामुळे कंसबहाद्दरांना +१. मुलं मॅट्रिक्सला साधा सिंबल म्हणून अ आणि ब देतात, (अ+ब)^२ एक्सपांड करतात आणि अ^२ + २अब + ब^२ घेऊन येतात. सिमपायची काही चूक नाही, सिंबल मुळात कम्युटेटिव्हच (अब = बअ) धरलेला असतो. कम्युटेटिव्ह नाही असं आधी सांगितलं की अब आणि बअ व्यवस्थित वेगळे राहतात. पण आधी सांगायचं हे लक्षात कोणाच्या राहतं? आणि उत्तर इतकं ओळखीचं दिसतं की संशयसुद्धा येत नाही.

जुना_लिस्पवाला
दोघांशीही असहमत. कंसबहाद्दर, तुम्ही टाइप टाइप करताय पण जावा-हास्केलवाल्यांचा टाइप इथे पुरत नाही हो. कंपायलरला टाइप प्रोग्राम चालायच्या आधी माहीत हवा. इथे रिंग प्रोग्राम चालताना जन्माला येते. एका पॉलिनॉमियलचे अवयव पाडले, त्यातला एक उचलला, त्याचं मूळ जोडून नवीन नंबर फील्ड केलं, आता पुढचं गणित त्या फील्डमध्ये. ते फील्ड कुठलं हे सकाळी कंपाइल करताना कोणाला ठाऊक होतं?

ज्युलिया भाषावाल्यांचं बघा. मोड एन मधला एन टाइपमध्ये घालता येतो, दिसायलाही छान. पण मोठ्या पूर्णांकी मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट काढायचा तर शेकडो वेगवेगळ्या प्राइमच्या मोडमध्ये काढून चायनीज रिमेंडरने (बाक्यांवरून मूळ संख्या काढायच्या प्रमेयाने) जोडतात. प्रत्येक प्राइम म्हणजे नवा टाइप, आणि नवा टाइप म्हणजे नव्याने कंपाइल. गणित राहिलं बाजूला, कंपायलरच चालत बसणार. म्हणून नेमो या ज्युलियाच्या बीजगणित लायब्ररीने एन टाइपमधून काढून रिंगच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवला. सेजमध्येही तेच, प्रत्येक संख्येला तिचा ‘पेरेंट’, म्हणजे ती कुठल्या रिंगमधली, माहीत असतो. मोड ५ मधला १ आणि मोड ७ मधला १ मिळवायला जा, तिथल्या तिथे एरर. अजून काय हवं?

कंसबहाद्दर
हवं हे की तो एरर रात्री तीनला येऊ नये. आमच्या कोडमध्ये पॉलिनॉमियलच्या लिस्टची बेरीज होती, पायथनचं साधं सम. एका केसमध्ये लिस्ट रिकामी आली. रिकाम्या लिस्टची बेरीज शून्य, पण ते पायथनचं शून्य, आमच्या रिंगचं नाही! पुढच्या ओळीत त्याची डिग्री विचारली आणि रात्रभर चाललेला जॉब आडवा. सुरुवातीला रिंगचं शून्य द्या, मिटलं, पण कडक टाइपच्या भाषेत ही ओळ कंपाइलच झाली नसती.

घाटावरचा_इंजिनियर
टेस्ट लिहा की राव. रिकामी लिस्ट ही पहिली टेस्ट असते.

लीनची_वही
लिस्पवाले काका, चालताना तयार होणारी रिंग टाइपमध्ये बसत नाही हे हास्केलपुरतं ठीक. डिपेंडंट टाइप (ज्यांत संख्येसारखी किंमत घालता येते) असले की एन कुठूनही येऊ दे, झेडमॉड एन, म्हणजे मोड एनची रिंग, हा रीतसर टाइप. लीन या सिद्धता तपासणाऱ्या भाषेत रोजचं आहे हे.

जुना_लिस्पवाला
बाई, लीनबद्दल आदर आहे, पण मॅथलिबमधली (लीनची गणिताची लायब्ररी) पॉलिनॉमियलची बेरीज ‘नॉनकम्प्युटेबल’ (चालवून उत्तर मिळणार नाही) असा शिक्का मारून ठेवलेली आहे. जगातली सगळ्यात कडक टाइपची पॉलिनॉमियल, सिद्ध काय वाट्टेल ते करा, फक्त मिळवून दाखवा म्हटलं की हात वर. आणि एवढ्या कडक कारभारात १/० म्हणजे ० हे चालतं. (ह. घ्या.)

लीनची_वही
ते सोयीसाठी आहे, भागाकार सगळीकडे डिफाइन्ड राहतो आणि छेद शून्य नाही ही अट प्रमेयात लिहायची. आणि मॅथलिब सिद्धतेसाठी आहे, कॅल्क्युलेटर नाही.

घाटावरचा_इंजिनियर
मला एवढंच सांगा, मोड ७ मधल्या ३ मध्ये साधा ३ मिळवला तर चालावं की नाही?

कंसबहाद्दर
चालावं. पूर्णांकांतून मोड ७ मध्ये जायचा एकच सरळ रस्ता आहे, त्यामुळे आपोआप बदललं तरी घोटाळा नाही. ५ आणि ७ मध्ये असा रस्ताच नाही म्हणून एरर. रस्ता रिंगच्या नियमात बसत असेल तरच आपोआप बदला, साधा हिशोब.

घाटावरचा_इंजिनियर
मग सेजमध्ये १/३ अधिक ०.५ केलं की मुकाट्याने फ्लोट होतं, ते कुठल्या नियमात बसतं? फ्लोटची बेरीज असोसिएटिव्हसुद्धा नसते (कंस हलवले की उत्तर बदलू शकतं), तरी तुमचं सेज त्यांना फील्ड म्हणून नोंदवतं.

जुना_लिस्पवाला
हे मात्र बिनतोड 😄

कंसबहाद्दर
फ्लोटला वेगळा धागा काढा, इथे न संपणाऱ्या भांडणाचं काश्मीर होईल.