अनुभव धागा : एक रूममेट मध्येच घर सोडून जातो तेव्हा

भाड्याच्या घरात एकत्र राहणाऱ्यांची भांडणं भांड्यांवरून, एसीवरून, उशिरा येण्यावरून होतात आणि बहुतेक मिटतात. मैत्री तुटते ती एकजण मध्येच निघतो तेव्हा. बदली होते, लग्न ठरतं, घरी कुणी आजारी पडतं. कारण खरं असतं, पण करार अकरा महिन्यांचा असतो आणि डिपॉझिट मालकाकडे अडकलेलं असतं.

आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये तिघींच्या नावावर करार होता. डिपॉझिट ६० हजार, प्रत्येकीचे २० हजार. एकीला बेंगळुरूला नोकरी लागली. मालक म्हणाले, घर तिघींना मिळून दिलंय, भाडं पूर्ण यायला हवं आणि डिपॉझिट घर रिकामं झाल्यावरच मिळेल. ते अडवणूक करत नव्हते, करारात तसंच होतं. मैत्रीण म्हणाली, मी राहत नाही तर भाडं कशाचं देऊ? तिच्या जागी दुसरी मुलगी मिळाली आणि तिने २० हजार परस्पर जुनीला दिले. सगळे खूश.

वाद झाला शेवटी. घर सोडताना मालकांनी रंगकामाचे आणि बाथरूमच्या फुटलेल्या बेसिनचे पैसे कापले. बेसिन नवी मुलगी यायच्या आधीच फुटलेलं होतं, पण तिच्या वाट्याचे पैसे कापले गेले. जुनीला फोन केला तर ती म्हणाली, "माझा हिशोब कधीच संपला." नव्या मुलीवर अन्याय झाला असं मला आजही वाटतं. डिपॉझिट असं हातोहात बदलतं तेव्हा जुनीचं नुकसानही नवीच्या गळ्यात पडतं, आणि हे त्या दिवशी कुणी बोलत नाही. ज्या दिवशी माणूस बदलतो त्याच दिवशी घराचे फोटो काढून तेवढा हिशोब मिटवायला हवा.

तुमचे अनुभव लिहा. कुणाचं, कुठल्या कंपनीचं नाव नको. पैसे कसे सुटले, ते मात्र सविस्तर लिहा.

वाकड, पुणे

आमच्याकडे उलटं होतं. आम्ही चौघं, पण अॅग्रीमेंट एकाच्याच नावावर. एजंट म्हणाला होता, "चार जणांचे अंगठे कशाला, एकाचं करून टाकू." ज्याच्या नावावर होतं त्यालाच कंपनीने परदेशी पाठवलं. मालकाने करार संपवून डिपॉझिट त्याच्या खात्यात टाकलं. मालकाच्या लेखी भाडेकरू तो एकटाच. आमचे तिघांचे पैसे त्याच्याकडे, तो तिकडे, आणि आम्ही ज्या घरात राहतोय त्याचा एकही कागद आमच्या नावावर नाही. सोसायटीच्या ऑफिसातून पोलीस व्हेरिफिकेशनची विचारणा सुरू झाली. माझं पासपोर्टचं काम पत्त्याच्या पुराव्यासाठी अडलं.

त्याने पैसे दिले, पण तुकड्यातुकड्यांत, आणि दर वेळी आम्ही मागायचे. जीपेवर प्रत्येकाने त्याला पाठवलेल्या रकमेपुढे 'डिपॉझिट' असं लिहिलेलं होतं, तोच आमचा पुरावा ठरला. नुसता आकडा असता तर ते भाडं होतं की उसने, यावरच वाद झाला असता.

सदाशिव पेठ, पुणे

स्पर्धा परीक्षावाल्यांचं लिहितो. आमच्यात करार वगैरे नसतो, कॉट बेसिस असतो, म्हणजे खोलीतल्या एकेका कॉटचं भाडं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळी पोरं गावाकडे गेली. पुस्तकं, गाद्या, सायकली खोलीतच. आमच्या खोलीचं भाडं मात्र आम्ही चौघं मिळून द्यायचो. दोघांनी गावावरून भाडं पाठवणं सुरू ठेवलं, दोघांनी थांबवलं. ज्यांनी थांबवलं त्यांच्या घरी खरंच पैसे नव्हते. एकाच्या वडिलांचा कांदा शेतात पडून होता. परत आलो तेव्हा मालकीणबाईंनी आधी थकबाकी मागितली, मग कुलूप काढू दिलं. ती आम्ही दोघांनी भरली. एकाने पुढे नोकरी लागल्यावर सगळी फेडली. दुसऱ्याने तयारी सोडली आणि संपर्कही. त्याच्याकडे मागायला माझं मन होत नाही, पण ते पैसे माझ्या आईने शिलाईवर मिळवलेले होते, हेही खरं आहे.

ठाणे, घरमालक म्हणून

दुसरी बाजू मांडते. माझा एक फ्लॅट मुलींना देते. दर दोन महिन्यांनी "काकू, ती गेली, आता ही आलीय" असं चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी करार करून त्याची नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नावं बदलायची तर मी नव्याने करार करून घेते. पुन्हा मुद्रांक, पुन्हा नोंदणी फी, पुन्हा सगळ्यांचे अंगठे. हा खर्च कुणी करायचा यावर माझ्यासमोर मुली भांडल्या आहेत. आता मी करारातच लिहून घेते, की जी मध्येच सोडेल तिने नव्या कराराचा खर्च द्यायचा. तेव्हापासून माझ्या दारात वाद आलेला नाही.

नाशिक, वकिली करते

इथे बऱ्याच जणांना वाटतंय की आपला वाटा भरला की आपण मोकळे. दोन-तीन जणांनी मिळून एकच करार केला असेल आणि त्यात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर भारतीय करार कायदा १८७२, कलम ४३ वाचा. मालक त्यांच्यापैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ज्याने ती भरली तो बाकीच्यांकडून त्यांचा समान वाटा मागू शकतो. आणि एखाद्याने वाटा दिलाच नाही, तर तो तोटा उरलेल्यांनी सारखा वाटून घ्यायचा, असंही त्याच कलमात आहे. म्हणजे निघून गेलेल्याकडे मागण्याचा तुमचा हक्क शाबूत आहे, पण तो येईपर्यंत मालक थांबायला बांधील नाही. वसुलीसाठी आधी साधी लेखी मागणी करा, ईमेलवर, रक्कम आणि हिशोबासह. व्हॉट्सअॅपवर रागात लिहिलेले मेसेज पुढे तुमच्याच विरोधात दाखवले जातात.

स्टुटगार्ट, जर्मनी

इकडे शिकायला येणाऱ्यांसाठी. शेअर्ड फ्लॅटला इथे वेगे म्हणतात. आम्ही तिघे एकाच करारावर मुख्य भाडेकरू होतो. एका मित्राला म्युनिकला काम मिळालं आणि त्याने एकट्याने नोटीस पाठवली. मालकाने कळवलं, ही नोटीस लागूच होत नाही. इथे करार एकत्र असेल तर तो सगळ्यांनी मिळूनच सोडावा लागतो, नाहीतर मालकाच्या संमतीने एकाला बाहेर काढून दुसऱ्याला करारात घ्यावं लागतं. भाडेकरूसाठी नोटीस साधारण तीन महिन्यांची असते. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिप्पटीपर्यंत घेता येतं, त्यामुळे अडकणारी रक्कमही मोठी. तो म्युनिकमध्ये एक भाडं भरत होता आणि इथलं दुसरं. आम्ही दोघांनी महिनाभर लोकांना खोली दाखवली, कारण त्याला सुट्टी मिळत नव्हती. मालकाने तिसऱ्याला होकार दिला आणि सगळ्यांच्या सह्यांचं एक पान झालं. मित्र अजून मित्र आहे.

ऐरोली

प्रश्न विचारते. आम्ही दोघी आहोत. पार्टनरचं लग्न डिसेंबरमध्ये आहे, ती नोव्हेंबरला निघेल. फ्रिज आणि वॉशिंग मशीन अर्धे अर्धे पैसे घालून घेतलंय, वायफाय तिच्या नावावर आहे. अजून काही बोललो नाही. तिच्या लग्नाच्या गडबडीत पैशांचा विषय काढायला जीव होत नाही.

धागाकर्ती

आताच काढा, खरेदीला सुरुवात व्हायच्या आधी. एका संध्याकाळी दोघी बसा आणि एका कागदावर लिहा: ती कुठल्या तारखेपर्यंतचं भाडं देणार, नवी मुलगी कोण शोधणार, मिळाली नाही तर किती महिने तिचा वाटा चालू राहणार. फ्रिज आणि मशीनची आजची किंमत दोघींनी ठरवा, खरेदीची नको. जी ठेवेल तिने अर्धी द्यायची. वायफाय ती जायच्या आधी तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर बिल तिच्या सासरी मेसेजवर जात राहील. मालकांना दोघींनी मिळून फोन करा आणि नवा करार कधी करायचा ते विचारा. कागदाचा फोटो काढून दोघींकडे ठेवा. काय ठरलं ते इथे कळवाल का? दोघींमध्येच करार असणाऱ्यांचा अनुभव अजून इथे आलेला नाही.