एरर गप्प करणारा फ्लॅग लावावा, की कोडच दुरुस्त करावा? (लिनक्स मंचावरची चर्चा)

काळी खिडकी
डेबियन १३ या लिनक्सवर सी भाषेतलं जुनं काही सोर्समधून बिल्ड करायला (मूळ कोडपासून प्रोग्रॅम बनवायला) घेतलं की एकच रड: 'इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन', म्हणजे आधी जाहीर न केलेलं फंक्शन वापरलंय. पूर्वी ही नुसती वॉर्निंग होती, बिल्ड चालवणारं मेक पुढे सरकायचं. मे २०२४ मधल्या जीसीसी १४ या सी कंपायलरने (कोडचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाने) तिची एरर केली, आणि डेबियन १३ चा कंपायलर तोच. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: सीफ्लॅग्जमध्ये, म्हणजे कंपायलरला द्यायच्या पर्यायांत, अशा एररची पुन्हा वॉर्निंग करणारा 'एफ-परमिसिव्ह' टाका, विषय संपला.

हे उत्तर देणं बंद व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे. फंक्शन जाहीर केलेलं नसेल तर ते इंट (पूर्णांक) परत करतं असं जुनं सी धरून चालायचं. ६४ बिटी मशीनवर इंट ३२ बिटांचा आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ६४ बिटांचा. फंक्शन खरं तर पॉइंटर देत असेल तर त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. बिल्ड होतं, प्रोग्रॅम उघडतो, आणि भलत्याच ठिकाणी सेगफॉल्ट येतो (चुकीच्या पत्त्याला हात लागून प्रोग्रॅम कोसळतो). मग तोच माणूस पुन्हा विचारायला येतो, 'लिनक्सवर चालत नाही' म्हणून.

नस्ती उठाठेव
अहो, ज्याला प्रोग्रॅम हवाय त्याला सी शिकायचं नाहीये. मूळ लेखकाने प्रकल्प कधीच सोडून दिलाय, ईमेलला उत्तर येत नाही. अशा वेळी 'कोड दुरुस्त करा' हा सल्ला म्हणजे 'वापरू नका' असंच सांगणं. आणि हा कोड वीस वर्षं चाललाच की! कंपायलरवाल्यांना एक दिवस शुचितेची आठवण झाली म्हणून तो एकाएकी वाईट ठरला का? बरं, मोठे डिस्ट्रोही (लिनक्सच्या तयार आवृत्त्या बनवणारेही) हेच करतात. फेडोरा या डिस्ट्रोच्या स्पेक फाइलमध्ये (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) या एरर पुन्हा वॉर्निंगवर आणायला खास मॅक्रो (नाव दिलेली सेटिंग) आहे. त्यांनी केलं तर पॅकेजिंग, आम्ही केलं तर आळस?

काळी खिडकी
'एक दिवस' नव्हे. सी च्या १९९९ च्या मानकातूनच हे काढून टाकलं होतं. क्लँग या दुसऱ्या कंपायलरनेही १६ व्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, याची एरर केली.

आणि वीस वर्षं का चाललं तेही बघा. पूर्वी प्रोग्रॅम मेमरीत खालच्या पत्त्यांवर बसायचा, हीपही (चालताना मागून घेतलेली मेमरी) त्याच्या आसपास. पत्ता ३२ बिटांत मावायचा, त्यामुळे वरचा भाग कापला तरी तिथे शून्यच असायचं. डेबियनने २०१७ मध्ये, आवृत्ती ९ पासून, 'पीआयई' म्हणजे कुठल्याही पत्त्यावर बसणारे प्रोग्रॅम डीफॉल्ट केले. तेव्हापासून तोच कोड बऱ्याच ठिकाणी कोसळू लागला. नशीब होतं, ते संपलं.

नेहमीचं उदाहरण मजकुरात शोधणाऱ्या स्ट्रकेसस्ट्र या फंक्शनचं. ते पॉइंटर देतं, पण ग्लिबसी या सी लायब्ररीच्या स्ट्रिंग हेडरमध्ये (फंक्शनं जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) ते दिसण्यासाठी 'अंडरस्कोअर-जीएनयू-सोर्स' हा मॅक्रो सगळ्या इन्क्लूडच्या (हेडर जोडणाऱ्या ओळींच्या) वर हवा. दुरुस्ती एका ओळीची. त्यासाठी सी शिकावं लागत नाही, एररमध्ये फंक्शनचं नाव लिहिलेलं असतं आणि मॅनपेजवर (त्याच्या माहितीपानावर) पहिल्याच पडद्यात हेडर आणि मॅक्रो दोन्ही दिलेले असतात.

कोरी पाटी
दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहतेय. ही एरर दिसते तेव्हा ठीक, जिथे दिसत नाही तिथे जास्त वाट लागते. बिल्डच्या आधी चालणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट एखादी सोय आहे का हे पाहायला छोटा चाचणी प्रोग्रॅम कंपाइल करते. जुन्या स्क्रिप्टमध्ये त्या प्रोग्रॅमच्या मेन या मुख्य फंक्शनपुढे इंट लिहिलेलंच नसतं. जीसीसी १४ तो नाकारतो, आणि कॉन्फिगर समजतं की सोयच नाही. पडद्यावर नुसतं 'नो' उमटतं. लायब्ररी बसवलेली, तिच्या हेडरचं डेव्ह पॅकेजही बसवलेलं, तरी 'नो'. माणूस एपीटीच्या (डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या) मागे लागतो. खरी एरर कॉन्फिग डॉट लॉगमध्ये पडलेली असते, ती फाइल मात्र कुणी उघडत नाही.

म्हणून निदान कॉन्फिगरपुरता तरी फ्लॅग चुकीचा म्हणता येणार नाही. तो न लावणाऱ्याचं बिल्ड होईल, पण अर्ध्या सोयी गुपचूप गळालेल्या असतील.

काळी खिडकी
हा मुद्दा मान्य, पण आधी ऑटोरीकॉन्फ चालवून स्क्रिप्ट नव्याने तयार करून बघा. ऑटोकॉन्फ या स्क्रिप्ट बनवणाऱ्या साधनाच्या स्वतःच्या चाचण्या त्याने सुधारतात. प्रकल्पाने हाताने लिहिलेल्या तशाच राहतात, तिथे फ्लॅग लावा, माझी हरकत नाही.

पाचवा गिअर
फ्लॅग लावणारे तो लावतात कुठे हेही एकदा सांगा कुणीतरी. मेकच्या ओळीत सीफ्लॅग्ज दिले की मेकफाइलमधले सीफ्लॅग्ज बाद होतात, त्यातले इन्क्लूडचे पत्तेही गेले. मग 'अमुक हेडर सापडत नाही' अशी नवीनच एरर, आणि नवीन धागा. कंपायलरचं नाव सांगणाऱ्या सीसीच्या जागी 'जीसीसी एफ-परमिसिव्ह' असं एकत्र लिहा, बाकी शाबूत राहतं. आधीचं बिल्ड पुसणारं मेक क्लीन विसरू नका.

आणि कृपा करून शेवटची ओळ चिकटवू नका. 'मेक: एरर २' मधून ब्रह्मदेवालाही काही कळणार नाही. समांतर जॉब बंद करून पुन्हा चालवा आणि पहिली एरर द्या.

मी स्वतः वादात पडत नाही. पॉडमन या साधनात डेबियन १२ चा कंटेनर (वेगळी बंदिस्त प्रणाली) उघडतो, तिथे जीसीसी १२ आहे, सगळं सुरळीत बिल्ड होतं.

काळी खिडकी
म्हणजे एफ-परमिसिव्हच, कंटेनरमध्ये गुंडाळून. जीसीसी १२ तिथे तीच वॉर्निंग देऊन पुढे जातो, तुम्ही ती वाचत नाही इतकंच.

नस्ती उठाठेव
बरं, इतकं पोटतिडकीने सांगताय तर मधला रस्ता सांगा. सोडून दिलेल्या प्रकल्पाची दुरुस्ती आणायची कुठून?

काळी खिडकी
बऱ्याचदा ती कुणीतरी आधीच केलेली असते. एपीटी सोर्सने डेबियनचा सोर्स उतरवा आणि डेबियन फोल्डरातलं पॅचेस हे दुरुस्त्यांचं फोल्डर बघा. जीसीसी १४ साठीचे पॅच नावावरूनच ओळखू येतात. फेडोराच्या गिटमध्येही शोधा. आणि जीसीसी १५ ची तयारी ठेवा, तिथे सी २३ हे सी चं नवं मानक डीफॉल्ट आहे. ज्या जुन्या कोडने बूल हा खरं-खोटं ठेवणारा प्रकार स्वतःच बनवून घेतला होता तो तिथे अडतो.

नस्ती उठाठेव
तिथे जुन्या मानकाचा, जीएनयू १७ चा फ्लॅग लावणार. पॅचेसमध्ये बघेन, ते पटलं. तिथे नाही मिळालं तर मात्र एफ-परमिसिव्ह, आणि सेगफॉल्ट आला की इथेच येऊन विचारणार.