शब्दचर्चा : ‘त्रिमूर्ती’ की ‘त्रैक्य’?

प्रश्न : फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमधल्या, चित्रकार मसाच्चोच्या भित्तिचित्रावर (सुमारे १४२७) लिहिते आहे. विषय पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. ‘त्रिमूर्ती’ लिहिलं तर चालेल का? वाचकाला चटकन कळेल.

उत्तर : चटकन कळेल, पण भलतंच कळेल. त्रिमूर्ती म्हटलं की ब्रह्मा-विष्णू-महेश डोळ्यांपुढे येतात. घारापुरीच्या त्रिमुखी शिल्पाला हेच नाव चिकटलं, आणि ती तिन्ही मुखं शिवाचीच आहेत हे अजून समजावून सांगावं लागतं. मराठी ख्रिस्ती समाजाचा शब्द ‘त्रैक्य’ आहे. तिघं असून एकच, हा अर्थ त्यात आहे आणि चित्राची सगळी मांडणी त्याच अर्थावर उभी आहे.

पुत्र म्हणजे येशू क्रूसावर आहे, पिता मागे उभा. मग आत्मा कुठे? पित्याची दाढी आणि पुत्राचं मस्तक यांच्या मधोमध एक पांढरं कबुतर आहे, पंख पसरून खाली झेपावणारं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती पित्याच्या झग्याची कॉलरच वाटते. तिघं एकाच उभ्या रेषेत, एकमेकांना लागून. ‘त्रिमूर्ती’ वाचून आलेला माणूस तीन सुट्या मूर्ती शोधत बसेल आणि कबुतर त्याच्या नजरेतून सुटेल.

चित्रातल्या मरियेबद्दलही, म्हणजे येशूच्या आईबद्दलही, जपून लिहा. ‘शोकमग्न माता’ असं सवयीने लिहिलं जातं. इथे तिची नजर मुलाकडे नाही, आपल्याकडे आहे. उजवा हात मात्र त्याच्याकडे वळलेला. ती आपल्याला तो दाखवते आहे.

प्रश्न : खांबांच्या बाहेर गुडघे टेकलेलं जोडपं आहे. त्यांना ‘देणगीदार’ म्हणू?

उत्तर : ‘देणगीदार’ म्हटलं की पावतीपुस्तक आठवतं. मी ‘यजमान’ लिहीन. पूजा सांगणारा वेगळा, पण ज्याच्या नावाने ती होते तो यजमान. चित्र करवून घेऊन प्रार्थनेत स्वतः हजर राहणाऱ्यांना तो शोभतो.

दुसरा एक वाचक : बायबलच्या मराठी भाषांतरात क्रूसासाठी ‘वधस्तंभ’ आहे. तो घ्यावा का?

उत्तर : बायबलचं वचन उद्धृत करताना जरूर घ्या. चित्राचं वर्णन करताना ‘क्रूस’च हवा. स्तंभ म्हटला की आडवा दांडा डोळ्यांपुढे येत नाही, आणि इथे पित्याचे दोन्ही हात त्याच दांड्याला खालून आधार देत आहेत.