कॅरिबियनचे सहा महिने संपले, बोट शाकारायची आहे: ऊन आणि खाऱ्या पाण्याने काय खाल्लं, का खाल्लं?

खारवारा:

नमस्कार मंडळी. ४० फुटी मोनोहल (एकाच सांगाड्याची शिडाची बोट), आम्ही दोघं आणि दोन मुलं (वय १० आणि ७). डिसेंबर ते मे, ग्रेनाडा ते अँटिग्वा आणि परत. बोट आता ग्रेनाडाच्या यार्डात जमिनीवर येईल ती थेट नोव्हेंबरपर्यंत. पुढच्या हंगामासाठी कामांची यादी करतोय. नुसती दुरुस्ती नको, कारण कळायला हवं.

वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) नवा असताना तासाला ६० लिटर द्यायचा, आता जेमतेम ४०. दाब मात्र तोच, ५५ बार. टॉयलेटचा बाहेर जाणारा पाइप जवळपास बंद झालाय. जेनोआच्या (पुढच्या मोठ्या शिडाच्या) कडेची उन्हापासून वाचवणारी पट्टी उसवली आहे, कापड ठीक आहे. नांगराची १० मिमी साखळी ६० मीटर आहे, तिचे पहिले २५-३० मीटर गंजलेत. धाकट्याचा कान तीनदा दुखला, तिन्ही वेळा पोहण्याच्या आठवड्यांत.

आणि सहा महिने बोट बंद ठेवायची तर काय काय करायचं?

दर्यादिशा:

वॉटरमेकरपासून सुरुवात करतो. मेम्ब्रेनचं (पाण्यातलं मीठ अडवणाऱ्या पडद्याचं) उत्पादन २५ अंश तापमानाला मोजलेलं असतं, आणि पाणी एका अंशाने गरम झालं की साधारण ३ टक्के वाढतं. तिथलं समुद्राचं पाणी २८ अंश धरा. म्हणजे तुमच्या मशीनने खरं तर ६५ च्या आसपास द्यायला हवं होतं, त्यामुळे घट २० लिटरची नाही, २५ ची आहे. दाब पूर्ण असूनही पाणी कमी येतंय, तेव्हा पंपावर संशय घेऊ नका. मेम्ब्रेनवर थर बसलाय. कोमट पाण्यात जिवाणूंचा चिकट थर फार लवकर धरतो. वापर झाल्यावर गोड्या पाण्याने फ्लश केलं नाही, किंवा मशीन आठवडाभर तसंच पडून राहिलं, की हे होतं.

गोड्या पाण्याचा टीडीएस (त्यात विरघळलेले क्षार) किती येतो ते सांगा, त्यावर पुढचं ठरेल.

टॉयलेटच्या पाइपात आहे तो चुना. लघवी आणि समुद्राचं पाणी एकत्र साचलं की लघवीतला युरिया फुटतो, पाणी अल्कलीकडे झुकतं आणि समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम खाली बसतं. ३८ मिमीच्या पाइपात मीटरमागे १.१ लिटर पाणी मावतं. तुमचा पाइप ४ मीटर असेल तर पाइपात मागे काही राहू नये म्हणून दर वेळी साडेचार लिटर पुढे ढकलायला हवेत. मुलं हातपंपाचे दोन-तीन दट्टे मारून पळतात, तेवढं पुरत नाही. आपल्या पंपाचा एक दट्ट्या किती पाणी ढकलतो ते बादलीत मोजा आणि दट्ट्यांचा आकडा टॉयलेटच्या दारावर चिकटवा.

बोट जमिनीवर आली की पाइप काढा आणि काँक्रीटवर आपटा, खवले सुटून पडतात. काढता येत नसेल तर १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही). फेस येईल, वायूला वाट मोकळी ठेवा, हातमोजे आणि चष्मा घाला. त्याच पाइपात ब्लीच कधीही घालू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

खारवारा:

टीडीएस ३५० च्या आसपास, आधीही एवढाच होता.

दर्यादिशा:

मग मेम्ब्रेन वाचेल. क्लोरीनने ती खराब झाली असती तर खारटपणा वाढला असता. आधी अल्कली क्लीनर, मग ॲसिड क्लीनर, याच क्रमाने. उलट केलं तर चिकट थर आणखी घट्ट बसतो. फ्लशसाठी धक्क्यावरचं नळाचं पाणी घेत असाल तर कार्बन फिल्टर मध्ये हवाच, कारण त्या पाण्यात क्लोरीन असतं. सहा महिन्यांसाठी प्रोपिलीन ग्लायकॉल की सोडियम मेटाबायसल्फाइट हे पंपाच्या पुस्तिकेत बघा, काही पंपांच्या धातूला मेटाबायसल्फाइट चालत नाही.

नांगरगडी:

पट्टी आणि साखळीवर लिहितो.

शिवणीत सगळं ऊन दोऱ्यावर येतं. पॉलिस्टरचा दोरा उष्ण कटिबंधात काही वर्षांतच कुजतो, कापड त्याहून टिकतं. परत शिवताना पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा मागा. महाग आहे, सैल शिवला जातो अशी शिवणाऱ्यांची तक्रारही असते, पण उन्हाने तो मरत नाही.

साखळी पुढूनच का गंजली? हिशोब करा. पाणी ५ मीटर, पाण्यापासून बोटीच्या नाकापर्यंत दीड मीटर, एकूण साडेसहा. पाचपट सोडली की ३२ मीटर. म्हणजे सहा महिने रोज तेच ३० मीटर प्रवाळाच्या वाळूवर घासले गेले आणि जस्ताचा थर उडाला. साखळी टोकापालट करा, खुणा नव्याने रंगवा. कॅलिपर लावून कडीची जाडी मोजा. ९ मिमीच्या खाली गेलेली कडी दिसली तर तो तुकडा बाद. बाकीची हॉट-डिप गॅल्व्हनाइझ (वितळलेल्या जस्तात बुडवून नवा थर) करून घेता येते, मात्र नंतर विंडलासच्या (नांगर ओढणाऱ्या यंत्राच्या) चाकात नीट बसते का ते तपासा. साखळीचं आतलं टोक दोराने बांधलेलं असावं, आणि दोर डेकवर येईल इतका लांब. संकटात तो सुरीने कापता येतो. बोल्ट-शॅकल (धातूची जोडकडी) कापता येत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी डोलकाठीच्या तारांचा खालचा स्वेज (तारेच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) भिंग घेऊन बघाच. खारं पाणी तारेवरून ओघळून तिथे साचतं, आत हवा पोचत नाही आणि स्टेनलेस तिथूनच चिरतं. बारीक रेघ दिसली तरी तार बदलायची.

शाकारणी:

कान आधी. पोहल्यावर कानाच्या नळीत पाणी राहून त्वचा मऊ पडते आणि संसर्ग होतो. कानाची पाळी ओढली की दुखत असेल तर बहुधा तेच. पोहून आल्यावर गोड्या पाण्याने धुणं, डोकं कलतं करून पाणी काढणं, कापूसकाडी अजिबात नाही. पांढरं व्हिनेगर आणि रबिंग अल्कोहोल समसमान, चार-पाच थेंब, हा प्रतिबंधाचा जुना उपाय आहे. पण पडदा फाटलेला असेल, ग्रोमेट (पडद्यात बसवलेली बारीक नळी) असेल किंवा कान दुखत असेल तर हे घालायचं नाही. तीनदा झालंय, तेव्हा पुन्हा पाण्यात उतरवण्याआधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा.

आता शाकारणी. कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, तेच काम, फक्त इथे धोका वादळाचा. ग्रेनाडा १२ अंशांवर आहे म्हणून सुरक्षित, हा समज २००४ च्या इव्हान वादळाने मोडला आणि १ जुलै २०२४ ला बेरिल वादळाने कॅरियाकूवर (ग्रेनाडाच्याच बेटावर) पुन्हा मोडला. त्यामुळे टेकू साखळीने एकमेकांना बांधलेले हवेत आणि बोट जमिनीतल्या खुंट्यांना पट्ट्यांनी जखडलेली. शिडं, बिमिनी, डॉजर (कॉकपिटवरची कापडी छतं) सगळं उतरवा. गुंडाळलेलं जेनोआ वाऱ्याने सुटलं की बोट टेकूंवरून पाडतं.

तुंबलेल्या निचऱ्यानेही बोटी खराब होतात. कॉकपिटची (मागच्या खोलगट बैठकीची) भोकं पानांनी बुजली की पावसाचं पाणी थेट आत. यार्डातल्या कुणाला तरी पैसे देऊन महिन्यातून दोनदा बघायला सांगा. कुंभारीण माशी बोटीच्या भोकांत आणि टाक्यांच्या व्हेंटमध्ये मातीचं घरटं करते, म्हणून सगळीकडे बारीक जाळी.

इंजिनात गोडं पाणी फिरवून इम्पेलर (थंड करणारं पाणी ढकलणारं रबरी चाक) काढा आणि किल्लीला बांधून ठेवा, म्हणजे विसरून इंजिन सुरू होणार नाही. डिझेलची टाकी भरलेली आणि त्यात बायोसाइड. लिथियम बॅटऱ्या निम्म्या भरून तारा सोडा. लेड-ॲसिड असतील तर उलट, पूर्ण भरून सोलरवर ठेवा. फ्रिजचं दार उघडं, गाद्या उभ्या, पुठ्ठ्याचा एकही खोका आत नको, झुरळांची अंडी त्यातूनच येतात.

खारवारा:

साखळीसुद्धा लॉकरमधून काढायची का?

नांगरगडी:

हो. धुऊन बोटीखाली लाकडी पॅलेटवर पसरा. लॉकर कोरडा करून झाकण उघडं ठेवा, आणि त्याच्या तळाचं निचऱ्याचं भोक तारेने मोकळं करून घ्या, तिथे चिखल बसलेला असणारच.