मदत हवी आहे: ग्रोमॅक्समध्ये इंडिनाविर प्रोटिएजच्या खोबणीत टिकत नाही

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पात एचआयव्ही-१ प्रोटिएज (विषाणूचं प्रथिनं कापणारं एन्झाइम) आणि त्याला अडवणारं औषध इंडिनाविर या जोडीचं मॉलिक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन, ग्रोमॅक्स या सॉफ्टवेअरवर करते आहे. स्फटिकावरून काढलेली रचना प्रोटीन डेटा बँकेतली, क्रमांक १एचएसजी. ९९-९९ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्या आणि मधल्या खोबणीत औषध. फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांचे पॅरामीटर) प्रथिनाला अंबर९९एसबी-आयएलडीएन, पाण्याचं मॉडेल टिप३पी, इंडिनाविरची टोपोलॉजी (अणू, बंध, चार्ज यांची यादी) अँटिचेंबर या साधनातून, गॅफ फोर्स फील्ड आणि एएम१-बीसीसी पद्धतीचे चार्ज घेऊन. ३०० केल्विन, १ बार, २ फेम्टोसेकंदांची स्टेप. मिनिमायझेशन, एनव्हीटी, एनपीटी या तयारीच्या पायऱ्या सुरळीत झाल्या, घनताही स्थिर आहे.

अडचण प्रॉडक्शन रनमध्ये, म्हणजे मुख्य सिम्युलेशनमध्ये येते. इंडिनाविरचा आरएमएसडी (मूळ जागेपासून सरासरी किती सरकला ते अंतर) मध्येच काही नॅनोमीटरवर जातो आणि लगेच खाली येतो. या उड्या सोडल्या तरी रेणू हळूहळू सरकतोच, आणि वरचे दोन्ही फ्लॅप (खोबणी झाकणाऱ्या प्रथिनाच्या झडपा) सैल पडतात. स्फटिकात इतकं घट्ट बसलेलं औषध असं सुटावं, हे पटत नाही.

लॅबमधल्या एका सीनियरचं म्हणणं, नॅमडी हे दुसरं सॉफ्टवेअर वापर. दुसऱ्यांचं म्हणणं, प्रथिन आहे तसं ठेव, फक्त इंडिनाविरचे पॅरामीटर सीजेनएफएफ या दुसऱ्या फोर्स फील्डमधून घे. सबमिशन जवळ आलंय, जीपीयूवर वेळ मोजका मिळतो. कोणी यावर काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

उड्यांची काळजी सोडा, तो पिरिऑडिक बॉक्सचा परिणाम आहे. साखळी किंवा औषध एका भिंतीतून बाहेर पडून समोरच्या भिंतीतून आत येतं. डायमर (दोन साखळ्यांचं प्रथिन) असला की हे हमखास दिसतं. ग्रोमॅक्सची ट्रॅजकॉन्व्ह ही कमांड आधी 'होल', मग 'नोजंप' देऊन चालवा, प्रथिनावर फिट करा आणि मगच आरएमएसडी काढा.

प्रतिसाद २

उड्यांबद्दल वर लिहिलंय ते बरोबर. सरकणं मात्र खरं असावं, आणि त्याचं कारण सॉफ्टवेअरमध्ये नाही, रसायनात शोधा.

या एन्झाइमच्या मधोमध दोन्ही साखळ्यांचं अ‍ॅस्पार्टेट २५ (२५ व्या जागेवरचं अमिनो आम्ल) समोरासमोर येतं. इन्हिबिटर बसलेला असताना साधारणपणे त्यातल्या एकावर प्रोटॉन धरतात. पीडीबी२जीएमएक्स (प्रथिनाची टोपोलॉजी बनवणारी ग्रोमॅक्सची कमांड) आपणहून दोन्ही ऋणभारितच ठेवतं. मग दोन ऋणभार एकमेकांना ढकलतात आणि इंडिनाविरच्या मधल्या हायड्रॉक्सिलची पकड बिघडते. 'एएसपी' पर्याय देऊन एका साखळीचं २५ हातानं निवडा.

दुसरं, पाणी. बहुतेक जण स्फटिकातलं सगळं पाणी सुरुवातीलाच काढून टाकतात. १एचएसजीमधला ३०८ क्रमांकाचा पाण्याचा रेणू फ्लॅपवरच्या दोन आयसोल्युसिन ५० ना आणि इंडिनाविरच्या दोन कार्बोनिलना एकदम धरून असतो. तो काढला तर फ्लॅप सैल पडायला निमित्तच मिळतं. बाहेरून ओतलेलं पाणी त्या बंद जागेत वेळेत पोचेल याचा भरवसा नाही.

सीजेनएफएफ चार्म या फोर्स फील्डच्या कुटुंबातलं आहे, ते अंबरबरोबर मिसळू नका. अंबरमध्ये १-४ जोड्यांची (तीन बंध दूर असलेल्या अणूंची) विद्युत-ऊर्जा १.२ ने आणि लेनर्ड-जोन्स २ ने भागतात. चार्ममध्ये असं सरसकट भागत नाहीत. ग्रोमॅक्समध्ये हा गुणक सगळ्या सिस्टिमला एकच लागतो, त्यामुळे औषधाचे टॉर्शन (बंधांभोवतीचे पीळ) गुपचूप बिघडतात आणि एररही येत नाही. चार्म३६ घ्यायचं तर प्रथिनासकट घ्या. नॅमडीवर जाऊन काही साधणार नाही, हेच पॅरामीटर तिथंही हेच करतील.

इंडिनाविरचा एकूण चार्ज अँटिचेंबरला किती दिला होता? पिपरॅझिनचा नायट्रोजन आहे, स्फटिकाच्या फाइलमध्ये हायड्रोजन नाहीत, तेव्हा तेही बघा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चार्ज शून्य दिला होता. एक शंका: प्रोटॉन ए साखळीवर ठेवू की बी?

प्रतिसाद २

दोन्ही करून बघा. एन्झाइम सममित आहे, इंडिनाविर नाही, म्हणून दोन्ही पर्याय सारखे नाहीत. प्रत्येकाचे तीन छोटे रन, सुरुवातीचे वेग वेगळे घेऊन. हायड्रॉक्सिल ते अ‍ॅस्पार्टेट अंतर आणि ३०८ चे चार हायड्रोजन बंध मोजा. ज्यात दोन्ही टिकतील त्याचाच लांब रन लावा.