तिखटाची सवय होते म्हणजे जिभेच्या नसा मरतात का?

प्रश्न (बडोद्याहून):
बदलीनिमित्त बडोद्यात येऊन तीन वर्षे झाली. पहिल्यांदा शेवउसळीवर लाल तरी घेतली, तेव्हा डोळ्यांतून पाणी आले, कानशिलांवरून घाम ओघळला आणि वर घोटभर चहा घेताच जीभ पोळली. आता तीच तरी मी मागून घेतो. घरचे म्हणतात, जिभेच्या नसा मेल्या. हे खरे मानावे का?

प्रतिसाद १:
नसा मेलेल्या नाहीत. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तिखट ही मुळात चव नव्हेच. ते वेदनेच्या घरातले आहे. तोंडातील ट्रायजेमिनल चेतेच्या (चेहरा व तोंडातील संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेच्या) टोकांवर ‘टीआरपीव्ही१’ नावाचे, दारासारखे काम करणारे प्रथिन असते, जे एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे उघडते. मात्र मिरचीतील कॅप्सेसिन त्याला चिकटले की ते तोंडातल्या नेहमीच्या तापमानालाही उघडते. मेंदूला वर्दी जाते ती भाजल्याची, म्हणून शरीर घाम आणून स्वतःला थंड करू पाहते, आणि एरवी सोसणारा चहाही पोळतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये या प्रथिनाचा छडा लावला व २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

हे दार उघडले की पेशीत कॅल्शियम शिरते आणि तेच पुढे दाराचा प्रतिसाद मंदावते. वारंवार तिखट खाणाऱ्याला त्याच तरीची झळ कमी लागते, ती यामुळे.

प्रतिसाद २:
पोपट हिरवी मिरची मजेत खातो, त्याचेही उत्तर इथेच आहे: पक्ष्यांमधील हे प्रथिन उष्णता ओळखते, पण कॅप्सेसिनला जवळजवळ दाद देत नाही. आणि तोंड भाजल्यावर पाणी पिऊ नये, कारण कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही. दूध किंवा दही बरे.

प्रश्नकर्ता:
आता एका गोष्टीचा उलगडा झाला. गेल्या पावसाळ्यात आजारपणामुळे दीड महिना मी मऊ भातावर होतो. बरा झाल्यावर उसळवाल्याने ओळखीने, न विचारताच तरी ओतली आणि दुसऱ्याच घासाला पुन्हा पहिल्या दिवसासारखा घाम फुटला. घरच्यांना हे सांगतो; पटेल असे वाटत नाही.