शब्दचर्चा : नेटवर्क वाहतुकीला ‘जबाबदार प्रक्रिया’ म्हणावे काय?

प्रश्न : संगणकावरून बाहेर जाणारी वाहतूक कोणत्या चालू प्रोग्रॅमची आहे, हे शोधण्याविषयी मी लिनक्स वापरणाऱ्यांसाठी टिपण लिहीत आहे. त्यात ‘जबाबदार प्रक्रिया’ हा शब्दप्रयोग योग्य ठरेल का? ‘मालक’ हा शब्दही मनात आहे.

पहिले उत्तर : ‘प्रक्रिया’ म्हटले की वाचकाच्या मनात कामाची रीत किंवा क्रम येतो, त्यामुळे ‘प्रोसेस’ हाच रुळलेला शब्द ठेवावा. ‘मालक’ मात्र चालणार नाही, कारण लिनक्समध्ये सॉकेटच्या (नेटवर्क जोडणीच्या प्रोग्रॅमकडील टोकाच्या) नोंदीत वापरकर्त्याचा क्रमांक असतो आणि मालकी त्या वापरकर्त्याची मानली जाते. प्रोसेसचा क्रमांक त्या नोंदीत नसतोच. नोंदीत सॉकेटचा आयनोड क्रमांक, म्हणजे प्रणालीतील त्याचा ओळख क्रमांक, मिळतो, आणि ‘एसएस’ किंवा ‘एलसॉफ’सारखे साधन एकेका प्रोसेसच्या उघड्या फाइलींची (त्यांत सॉकेटही मोडते) यादी चाळून तोच आयनोड कोणाच्या हाती आहे हे पाहते. म्हणून मी ‘सॉकेटधारक प्रोसेस’ असे सुचवतो. खातेधारक, परवानाधारक या शब्दांमुळे ‘धारक’ आपल्या परिचयाचा आहे, आणि संयुक्त खात्याला जसे दोन धारक असतात, तसे एका प्रोसेसने दुसरीला जन्म दिल्यावर एकच सॉकेट दोघींकडे राहू शकते, हेही त्या शब्दात सामावते. उलट, जोडणी बंद होऊन ‘टाइम-वेट’ (बंद झाल्यानंतरच्या अल्पकाळ प्रतीक्षेच्या) अवस्थेत गेली की तिला कोणीच धारक उरत नाही. ‘एसएस’च्या यादीत प्रोसेसचा रकाना तेव्हा रिकामा दिसतो, तो दोष नव्हे, हे टिपणात अवश्य लिहावे. इतरांच्या प्रोसेसचा रकाना रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार नसल्यामुळेही रिकामा राहतो.

दुसरे उत्तर : ‘सॉकेटधारक’ मला पटतो, पण त्यामुळे ‘जबाबदार’ची गरज संपत नाही, कारण धारक आणि कारण या दोन गोष्टी नेहमी एकाच ठिकाणी सापडत नाहीत. लिनक्सच्या ज्या वितरणांत (तयार संचांत) नावांचे पत्ते शोधण्याचे काम सिस्टमडी-रिझॉल्व्हड या पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवेकडे असते, तेथे ब्राउझरने एखाद्या संकेतस्थळाचे नाव विचारले, तरी बाहेरच्या सर्व्हरच्या 53 क्रमांकाच्या पोर्टकडे जाणारा प्रश्न रिझॉल्व्हडच्या सॉकेटमधून निघतो. विंडोजमध्येही ‘नेटस्टॅट’ या जोडण्यांची यादी देणाऱ्या साधनाला ‘-एओ’ हा पर्याय दिल्यावर मिळणारा प्रोसेस क्रमांक पुष्कळदा एसव्हीसीहोस्ट या सेवा चालवणाऱ्या सामायिक प्रोग्रॅमचा असतो आणि त्याच्या आत कोणती सेवा काम करते आहे हे वेगळे शोधावे लागते. मध्यस्थामागच्या, ब्राउझरसारख्या मूळ प्रोसेसला मी ‘कारणीभूत’ म्हणेन. ‘जबाबदार’ या शब्दात दोषारोपाची छटा आहे, आणि पहिल्याच शोधात हाती लागलेल्या मध्यस्थ सेवेवर तो आळ नाहक येतो.

तेव्हा टिपणात आधी सॉकेटधारक ओळखावा, आणि तो मध्यस्थ निघाल्यास त्याच्याकडे स्थानिक विनंती कोणाकडून आली हे पाहून कारणीभूत प्रोसेस ठरवावी, असे दोन टप्पे या दोन शब्दांनी वेगळे दाखवता येतील. दुसऱ्या टप्प्यावर केवळ ‘एसएस’ची यादी पुरत नाही, कारण नाव विचारणारे सॉकेट क्षणार्धात उघडून बंद होते, तेथे कर्नलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) घटना घडतानाच टिपणारी, ईबीपीएफ या कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या तंत्रावर आधारलेली साधने वापरावी लागतात.